ओट्याच्या मागे काय आहे, ते आधी पाहा

ओटा फोडायला सुरुवात झाली त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला गवंड्याने मला आत बोलावलं आणि हातभर लांबीचा पाइपाचा तुकडा पुढे केला. बाहेरून तो चांगला अर्धा इंची जीआय पाइप होता. आतून पाहिलं तर गंजाचे थर साचून पेन्सिल जेमतेम जाईल एवढंच भोक उरलेलं. स्वयंपाकघराच्या नळाला धार नाही म्हणून दहा वर्षं मी कधी गच्चीवरच्या टाकीला, कधी पंप चालू करायला विसरणाऱ्या वॉचमनला बोल लावत होते. दोष भिंतीत होता आणि भिंत माझीच होती.

आमची इमारत मुलुंडची, १९७९ सालची. तिसरा मजला, स्वयंपाकघर दहा बाय सात. काम काढण्याआधी माझी तयारी जय्यत होती, पण ती सगळी दिसण्याची: शटरचा रंग, टाइल्सचा नमुना, मोबाइलमध्ये साठवलेले सत्तर-ऐंशी फोटो. त्यात पाइपाचा फोटो एकही नव्हता. पंचवीस-तीस वर्षांहून जुन्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर नवं करायचं तर आधी पाणी, सांडपाणी, वीज आणि गॅस या चार वाटा नव्या कराव्या लागतात. कपाटं त्यांच्या मागून येतात. दुकानात मात्र हा क्रम नेमका उलटा असतो, कारण शोरूममध्ये पाइप मांडून ठेवता येत नाहीत.

कागद-पेन्सिल घेऊन बसण्याआधी एक प्रश्न स्वतःला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा: पुनर्विकासाचं कुठवर आलंय? सर्वसाधारण सभेत नुसताच विषय निघत असेल तर दहा वर्षंही जाऊ शकतात, त्यासाठी गळका ओटा सांभाळत बसू नका. पण सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खालची पुनर्विकासाची प्रक्रिया सुरू झाली असेल, विकासकांच्या निविदा आल्या असतील, तर फक्त गळती आणि वायरिंगचं काम करा, ट्रॉल्या सुट्या आणि काढून नेता येतील अशा घ्या आणि ग्रॅनाइटचा मोह आवरा. पुढे इमारत पाडतील तेव्हा तो ग्रॅनाइट कुणी जपून काढून देणार नाही.

दुसरी चौकशी स्ट्रक्चरल ऑडिटची. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. तो अहवाल सोसायटीच्या कपाटात असतो आणि सहसा कुणी वाचलेला नसतो. तुम्ही वाचा. तुमच्या स्वयंपाकघराचा स्लॅब, बाजूचा कॉलम, वरचा बीम यांबद्दल त्यात एखादी ओळ असेल तर अख्ख्या नियोजनाची दिशा बदलते. घाटकोपरला २५ जुलै २०१७ रोजी एक चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर तेव्हा अंतर्गत बदलांचं काम चालू होतं. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली भिंत काढून ‘ओपन किचन’ करायची हौस असणाऱ्यांनी हे विसरू नये. आरसीसी इमारतीतली साडेचार इंची विटांची भिंत बहुधा नुसती आडोशाची असते. गिरगावातल्या, पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या इमारतींत मात्र जाड भिंतीच वरचा भार पेलत असतात. कुठली भिंत कसली आहे हे गवंड्याने ठोकून सांगायचं नसतं, ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्यायचं.

सोसायटीला अर्ज द्यावाच लागतो, तो टाळू नका. त्यात काय फोडणार, काय हलवणार, किती दिवस, डेब्रिज कुठून उतरवणार हे लिहा. बहुतेक सोसायट्या अनामत घेतात, दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद ठेवायला सांगतात आणि गोण्या लिफ्टने नेऊ देत नाहीत. गोणी जिन्याने उतरवायची तर बिगाऱ्याची मजुरी मजल्यागणिक वाढते, ती अंदाजात धरा. मुंबईत राडारोडा उचलून नेण्यासाठी महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. पैसे भरावे लागले तरी रात्री कुणाच्या तरी टेम्पोतून खाडीकाठी नेऊन टाकण्यापेक्षा ते बरं.

आणि मग खालच्या मजल्यावर जा. हे मी उपचार म्हणून सांगत नाही. तुमच्या स्वयंपाकघराची फरशी हे दुसऱ्या कुणाचं तरी छत आहे. बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त होते, पण तुमच्या सिंकची, मोरीची गळती तुमच्या खर्चाने. आमच्या खालच्या काकूंच्या देवघरावर एक तपकिरी डाग होता. त्या कित्येक वर्षं वरच्यांना कशाला त्रास म्हणून गप्प होत्या आणि आम्हाला पत्ताच नव्हता. काम सुरू करण्याआधी त्यांच्या परवानगीने त्यांच्या छताचे फोटो काढले, तारखेसकट. त्याने दोन गोष्टी झाल्या. डाग नेमका आमच्या मोरीच्या न्हाणी ट्रॅपखाली आहे हे कळलं आणि पुढे नवा ओरखडा कुठला, जुना कुठला, यावरून वाद होण्याचं कारण उरलं नाही.

आता त्या मोरीकडे येऊ. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच स्वयंपाकघरांत ओट्याच्या टोकाला भांडी घासायची मोरी असते. जमिनीलगत, दोन-अडीच फुटांची, कडेला चार इंची कठडा. बाई उकिडवं बसून भांडी घासणार हे गृहीत धरून ती बांधलेली. ही मोरी काढून तिथे ओटा पुढे नेणं हा या कामातला सगळ्यात उपयोगी बदल आहे आणि सगळ्यात धोक्याचाही. कारण न्हाणी ट्रॅप बहुतेक वेळा स्लॅबमधून खाली उतरलेला असतो आणि त्याच्या भोवतीचा सांधा चाळीस वर्षांत उघडलेला असतो. वरून टाइल लावून मोरी बुजवली म्हणजे गळती थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते. ट्रॅप ठेवायचा असेल तर काढून नवा बसवा. ठेवायचा नसेल तर पाइपाचं तोंड कायमचं बंद करून स्लॅबचं भोक न आकसणाऱ्या ग्राउटने भरून घ्या. मग तेवढ्या भागात वॉटरप्रूफिंग करून पाणी तुंबवा, निदान चोवीस तास, जमलं तर अठ्ठेचाळीस. त्या काळात दोनदा खाली जाऊन छत पाहून या. कंत्राटदार म्हणेल, कशाला, आमचं काम पक्कं असतं. असू दे. पाणी तुंबवल्याशिवाय पुढची फरशी लावू देऊ नका.

सिंक हलवायचा विचार असेल तर आधी हे गणित करा. सांडपाण्याच्या पाइपाला उतार लागतो, साधारण मीटरला अडीच सेंटिमीटर. सिंक बाहेरच्या भिंतीपासून दहा फूट आत नेला तर पाइपाचं एक टोक दुसऱ्यापेक्षा तीन इंच वर हवं. संडास-बाथरूमसाठी स्लॅब खाली दाबून जागा ठेवलेली असते. स्वयंपाकघराचा स्लॅब मात्र सरळ असतो, त्यात हे तीन इंच कुठून आणणार? मग कंत्राटदार जमीन उचलतो, उंबरठ्यावर ठेच लागायला लागते आणि स्लॅबवर माती-सिमेंटचा नको तो भार पडतो. किंवा तो उतारच देत नाही आणि वर्षभरात तेलकट पाणी, भाताची शितं, चहाचा चोथा पाइपात बसतो. म्हणून सिंक जिथे आहे तिथे, बाहेरच्या पाइपाला लागून, फार तर दोन-तीन फूट इकडे-तिकडे. बाकी आराखडा सिंकभोवती आखायचा. वास्तुशास्त्र मानणाऱ्यांच्या घरी गॅस आग्नेयेला हवा असतो आणि पाणी ईशान्येला. जमत असेल तर जरूर करा, पण पाणी उताराकडेच जातं, दिशा पाहत नाही.

सिंकचा पाइप बाहेरच्या ज्या उभ्या पाइपाला मिळतो तोही बघा. जुन्या इमारतींत तो बिडाचा किंवा अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचा असतो. अ‍ॅस्बेस्टॉसचा असेल तर तो कोरडा कापू-फोडू देऊ नका. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि त्याचे परिणाम कितीतरी वर्षांनी दिसतात. तो पाइप तुमचा नाही, सोसायटीचा आहे. बदलायचा तर अख्खी रांग बदलावी लागते आणि अशा वेळी चार मजल्यांनी मिळून काम काढलं तर परांचीचा खर्च वाटला जातो.

येणाऱ्या पाण्याचे पाइप मात्र सरसकट बदला. जीआय पाइपाचा अर्धा भाग ठेवून अर्धा बदलू नका. जुन्यातला गंज सुटून नव्या नळाच्या जाळीत अडकतो. आता सीपीव्हीसी सर्रास वापरतात. त्याचे सांधे सोल्यूशनने चिकटवले की पुरता वेळ वाळू द्यायचा आणि मग हातपंपाच्या यंत्राने दाब देऊन तपासायचे. काट्यावरचा दाब तासाभरात उतरला तर कुठेतरी सांधा कच्चा आहे. ही चाचणी प्लास्टरच्या आधी. प्रत्येक स्वयंपाकघराला स्वतःचा वेगळा कॉक हवा आणि तो सिंकखाली हाताला येईल असा, म्हणजे नळाचा वॉशर बदलायला अख्ख्या घराचं पाणी बंद करावं लागणार नाही. माळ्यावर पाण्याची टाकी असेल तर तिच्याबद्दलही विचार करा. पाचशे लिटर पाणी म्हणजे पाचशे किलो वजन आणि तो माळा ट्रंका, पातेली, गाद्या ठेवायला बांधलेला असतो. सोसायटीचं पाणी आता दिवसभर येत असेल तर ती टाकी उतरवून टाका. नसेल तर लहान टाकी, भिंतीलगत.

बाल्कनी स्वयंपाकघरात घेतलेली घरं पुष्कळ आहेत. घेतली असेल तर निदान तिच्यावर धान्याची कोठी, वॉशिंग मशीन आणि भरलेला फ्रीज एका रांगेत उभा करू नका. बाल्कनीचा स्लॅब एका बाजूनेच धरलेला असतो, त्याची लोखंडी सळई वरच्या बाजूला असते आणि पावसाचं पाणी वरूनच मुरतं.

फोडाफोडीबद्दल थोडं. ब्रेकर मशीनने काम एका दिवसात होतं, छिन्नी-हातोड्याने तीन दिवस लागतात. जुन्या इमारतीत मी तीन दिवसच म्हणेन. ज्या स्लॅबचे पोपडे खालून आधीच सुटायला लागलेत, सळया फुगल्यात, तिथे ब्रेकरचे हादरे खालच्यांच्या डोक्यावर पडतात. जुन्या फरशीवर नवी टाइल चिकटवायची का, हा प्रश्न हमखास निघतो. फरशी पक्की असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत नसेल तर चिकटवणाऱ्या मसाल्याने लावता येते, राडारोडा वाचतो. मात्र जमीन पाऊण इंच वर येते, दार खालून तासावं लागतं. एकदा कुणी तसं केलेलं असेल तर त्यावर तिसरा थर नको. आणि भिंतीत पाइपासाठी, वायरसाठी झिरी मारायची तर ती उभी मारायला सांगा. साडेचार इंची भिंतीत आडवी लांबलचक झिरी मारली की भिंत तिथे अर्धी उरते. कॉलम-बीमला छिन्नी लागू द्यायची नाही, एवढं वाक्य करारात लिहून घ्या.

विजेबाबत लोक काटकसर का करतात, मला कळत नाही. १९७९ साली आमच्या ओट्याजवळ एक पंधरा अँपिअरचा आणि एक पाच अँपिअरचा सॉकेट होता. मिक्सर एकावर, दुसऱ्यावर फार तर हीटर. आज मोजा: इंडक्शन २००० वॅट, मायक्रोवेव्ह १४००, किटली १५००, मिक्सर ७५०. चारही एकाच वेळी लागले तर २३० व्होल्टला जवळजवळ २५ अँपिअर. जुनी अॅल्युमिनियमची वायर यात तापते, विशेषतः जिथे ती नव्या तांब्याच्या वायरीला पिळून जोडलेली असते तिथे. स्वयंपाकघरासाठी मुख्य बोर्डापासून वेगळी लाइन ओढा: सोळा अँपिअरच्या सॉकेटला अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ओव्हन किंवा गीझरला चारची, प्रत्येक जड उपकरणाला स्वतःचा एमसीबी आणि सगळ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एमसीबी वायरीला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. ओल्या हाताने मिक्सर लावणाऱ्या घरात दुसरा जास्त महत्त्वाचा. अर्थिंग खरोखर आहे का, हेही वायरमनकडून मीटर लावून पाहून घ्या. जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या भोकामागे काहीच नसतं. मंजूर भार कमी पडत असेल तर वीज कंपनीकडे तो वाढवण्याचा अर्ज काम सुरू व्हायच्या आधी करा. ओट्यावरचे सॉकेट ओट्यापासून आठ-दहा इंच वर आणि सिंकपासून लांब. जितके वाटतात त्याहून दोन जास्त ठेवा.

गॅसला स्वतः हात लावायचा नाही. मुंबईत महानगर गॅस, पुण्यात एमएनजीएल, जी कंपनी असेल तिच्याकडे मीटर-पाइप हलवण्याचा अर्ज द्या. त्यांची माणसं यायला वेळ लागतो, म्हणून हा अर्ज सगळ्यात आधी. पाइप टाइलमागे किंवा कपाटाच्या पाठीमागे गाडू नका, उघडा दिसतो म्हणून कितीही खटकला तरी. एक साधी गोष्ट लक्षात ठेवा: पाइपातला नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर छताकडे जातो, सिलिंडरचा गॅस जड, जमिनीलगत साचतो. म्हणून पाइपाचा गॅस असेल तर खिडकीच्या वरच्या भागाला झडप उघडी हवी आणि सिलिंडर ओट्याखाली असेल तर त्या शटरला तळाशी भोकं हवीत. सिलिंडरवरून पाइपाच्या गॅसवर जाताना शेगडीचे जेट बदलावे लागतात. रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नको आणि तिच्यावरची मुदत संपली की नळी बदला.

या चार वाटा कागदावर उतरल्या की मगच ओटा. इथे मात्र घाई करू नका, कारण पुढची वीस वर्षं तुम्ही त्याच्यासमोर उभ्या असणार आहात. जुने ओटे तीस इंचांचे. हल्ली सुतार न विचारता चौतीस करतात, शोरूममध्ये छत्तीस. ज्याच्या त्याच्या उंचीला ओटा लागतो: सरळ उभं राहून कोपर वाकवा, कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओट्याची पातळी. पाच फूट दोन इंचांच्या बाईला बत्तीस-तेहतीस इंच पुरतात. माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. डायनिंग टेबल बहुधा तीस इंचांचं असतं. त्यावर पोळपाटाखाली एकेक पुस्तक सरकवत जा आणि चार-पाच पोळ्या लाटा. खांदे उचलायला लागले की एक पुस्तक काढा, पाठ वाकायला लागली की एक घाला. जमलं की जमिनीपासून पोळपाटाच्या बुडापर्यंत मोजा. शेगडीची गोष्ट वेगळी. तिची स्वतःची उंची चार-पाच इंच, त्यावर कुकर किंवा पुरणाचं पातेलं. चौतीस इंची ओट्यावर त्या पातेल्यात डाव घालून घोटायला बुटक्या माणसाला पाटावर चढावं लागेल. शेगडीपुरता ओटा तीन-चार इंच खाली घेतला तर बरं पडतं. दिसायला एकसंध दिसत नाही, हे मान्य. घरात दोघं स्वयंपाक करत असतील आणि उंचीत फरक असेल तर जो जास्त पोळ्या लाटतो त्याच्या मापाने.

ओट्याची खोली चोवीस इंच ठेवा, सातच फुटी स्वयंपाकघरात दोन्ही बाजूंना ओटा नको. मध्ये उभं राहून ट्रॉली पूर्ण बाहेर ओढता आली पाहिजे आणि मागून कुणी फ्रीजकडे जाऊ शकलं पाहिजे. वरचा दगड ग्रॅनाइटचा, काळा किंवा गडद, सिंककडे किंचित उतार. पुढच्या कडेखाली एक बारीक खाच मारून घ्या. पाणी तिथे थबकून खाली टपकतं, शटरवर ओघळत नाही. आठ फुटी अखंड दगड हवा असेल तर तो जिन्याच्या वळणावरून वर येतो का, ते आधी टेप लावून बघा.

ओट्याखाली प्लायवूडचे खोके करायचे की कडप्प्याचे? सगळे डिझाइनर प्लायवूड सांगतील. जुन्या इमारतीत, मुंबईच्या दमट हवेत, मी कडप्पा म्हणते. कडप्प्याच्या उभ्या पट्ट्या आणि एक आडवी फळी, त्याला नुसती शटरं किंवा ट्रॉल्या. दगड फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि उद्या नळ गळला तर पुसून काढता येतो. जागा थोडी जाते हे खरं. प्लायवूड घ्यायचंच असेल तर आयएस ७१० चा शिक्का असलेलं घ्या, कापलेल्या कडा सगळ्या बाजूंनी बंद करून घ्या आणि सिंकखाली तेही नको. एमडीएफ तर स्वयंपाकघरात पाण्याच्या जवळपास येऊ देऊ नये. ट्रॉल्या घेताना विक्रेता लोहचुंबक लावून दाखवतो, चिकटत नाही म्हणजे अस्सल ३०४ स्टील म्हणतो. ही परीक्षा अर्धवट आहे. २०२ ग्रेडचं स्टीलही सहसा चुंबकाला चिकटत नाही, पण गंजतं लवकर. ग्रेड बिलावर लिहून मागा. लिहायला का-कू केली की समजून घ्या.

साठवणीचा हिशोब तुमच्या घराचा करा, कॅटलॉगचा नको. आजही तुमच्याकडे वर्षाचा तांदूळ भरला जातो का? पंधरा किलोचा डबा असेल तर तो ट्रॉलीत बसत नाही, त्याला जमिनीलगत उघडी जागा लागते. लोणच्याच्या बरण्या, पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या, दिवाळीलाच निघणारी मोठी कढई, गौरी-गणपतीचं समयी-ताम्हण: सगळं एकदा हॉलमध्ये मांडा. रोजचं, आठवड्याचं, सणाचं असे तीन ढीग करा. सणाचं माळ्यावर. उरलेल्यातलं एक तृतीयांश तुम्ही देऊनच टाकाल, आणि मग जी कपाटं लागतील असं वाटत होतं त्यातलं एक कमी होईल.

चिमणीबद्दल माझं मत लोकांना पटत नाही. जिथे धूर बाहेर न्यायला सरळ, आखूड नळी टाकता येते तिथे चिमणी उत्तम. जिथे नळी तीन ठिकाणी वळवावी लागते किंवा सोसायटी दर्शनी भिंतीला भोक पाडू देत नाही, तिथे शेगडीजवळच्या खिडकीत बारा इंची एक्झॉस्ट पंखा जास्त काम करतो आणि तो पुसायला माणूस बोलवावा लागत नाही.

पैशांचं बोलू. भाव विचारताना सगळ्यांना एकच आराखडा, एकच यादी द्या, नाहीतर एकाचा भाव रनिंग फुटाचा, दुसऱ्याचा चौरस फुटाचा आणि तिसऱ्याचा ‘सगळं मिळून’, आणि तुलना होतच नाही. प्लंबिंग-वायरिंगचा माल स्वतः निवडून आणा, मजुरी वेगळी ठरवा. भिंतीत गाडल्या जाणाऱ्या गोष्टीत कुणाला तरी वाचवावंसं वाटतं आणि ते तुम्हाला दिसत नाही. एकूण अंदाजाच्या वर वीस टक्के बाजूला ठेवा. जुन्या घरात ते लागतातच, भिंत उघडल्यावर. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा टप्पा शटर बसल्यावर नको, पंधरा दिवस वापरून झाल्यावर. आमच्याकडे एक सुतार शेवटचे पैसे घेऊन गेला आणि दोन शटरं आजही हाताने ढकलून लावावी लागतात.

वेळेचं म्हणाल तर गळती शोधायला पावसाळा चांगला आणि काम करायला दिवाळीनंतरचे दिवस. भर पावसात प्लास्टर सुकत नाही, लाकूड फुगतं. पण कारागिरांचीही घरं असतात: गणपतीला कोकणातले जातात, छठला बिहार-उत्तर प्रदेशातले, होळीला राजस्थानी सुतार. त्या तारखांच्या अलीकडे अर्धं काम अडकेल असं आखू नका. मार्चमध्ये शेजारच्या घरी दहावी-बारावी आहे का, तेही विचारा. क्रम असा: फोडणं, पाइप, वायरी, वॉटरप्रूफिंग आणि पाण्याची चाचणी, प्लास्टर, फरशी, ओटा, भिंतीच्या टाइल्स, मग सुतार, शेवटी रंग. सगळं सुरळीत झालं तर चार आठवडे. तेवढे दिवस हॉलच्या कोपऱ्यात एक इंडक्शन, एक कुकर, पाण्याचं पिंप आणि भांडी धुवायला बाथरूम. घरात वयस्कर माणसं असतील तर धुळीच्या पहिल्या आठवड्यात त्यांना मुलीकडे किंवा भावाकडे पाठवा.

आणि प्लास्टर चढायच्या आदल्या संध्याकाळी, कारागीर गेल्यावर, मोजपट्टी भिंतीला टेकवून चारही भिंतींचे फोटो काढा. कुठला पाइप कोपऱ्यापासून किती इंचांवर, वायर कुठून वर गेली, कॉक कुठे, सगळं त्यात यायला हवं. मोबाइल बदलतात, म्हणून त्यांचे प्रिंट काढा. आमचा कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून सिंकखालच्या शटरला आतून चिकटवलेला आहे. गेल्या वर्षी पाण्याचा फिल्टर बसवायला माणूस आला, त्याने तो कागद पाहिला आणि ड्रिलचं टोक चार इंच डावीकडे सरकवलं.